दूध पांढरं राहायला हवं होतं

गुरुवारी समितीपुढे उभं राहायचं होतं आणि सोमवारी परीक्षानळीतलं दूध निवळलं. पीएच.डी.ची वाढवून घेतलेली मुदत त्याच महिन्यात संपत होती. आता आणखी मिळणार नाही, हे मार्गदर्शकांनी दोनदा बजावलं होतं.

प्रयोग साधा. ट्रिप्सिन हे एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं आणि पांढरेपणा जातो. कच्च्या सोयाबीनमध्ये त्याला अडवणारं एक द्रव्य असतं. ते काढून आधी घातलं की दूध पांढरंच राहतं. माझा निम्मा प्रबंध त्या पांढऱ्या रंगावर उभा होता. दोन वर्षं सगळं जमलं. जुनं सोयाबीन संपलं, म्हणून पेठ वडगावला भावाकडून त्याच रानातलं नवं मागवलं, वेळ वाचावा म्हणून या खेपेला दळूनच, आणि बिनसलं.

काय काय चुकलं असेल, याची मी यादी काढली. बफरचं द्रावण नवं केलं, पीएच मीटर तपासला, ट्रिप्सिनची दुसरी बाटली उघडली. मंगळवारी दुपारपर्यंत अकरा ओळींवर खुणा झाल्या. दूध निवळतच होतं. बाराव्या ओळीत ‘पीठ’ लिहिलं आणि वहिनीला फोन लावला. पोत्यात कीडनाशक टाकलं होतं का, एवढंच विचारायचं होतं.

"औषध कशाला टाकू? उकडून, वाळवून, दळून दिलंय की, वन्सं."

"उकडून?"

"मग? कच्च्यानं पोट बिघडतंय. आमच्या चपातीचं पीठ असंच असतंय."

"अहो, ते खायला नव्हतं."

"मग दोन किलो कशाला मागितलासा?"

पोट बिघडवणारं तेच द्रव्य मला हवं होतं आणि उकडल्यावर ते निकामी होतं. भावाला पाठवलेल्या चिठ्ठीत मी ‘दोन किलो, निवडून, दळून’ लिहिलं होतं. ‘कच्चं’ लिहिलं नव्हतं.

बुधवारी पहिल्या एसटीनं वडगावला गेले. पोत्यातलं कच्चं सोयाबीन घेतलं आणि प्रयोगशाळेत आल्या आल्या दळलं. गुरुवारी सकाळी दोन नळ्या शेजारी ठेवल्या, कच्च्याची आणि उकडलेल्याची. घड्याळाकडे पाहायचं नाही असं ठरवून दर मिनिटाला पाहत होते. उकडलेल्याची नळी निवळली. दुसरी पांढरी राहिली. तरी आणखी दहा मिनिटं थांबले.

समितीतल्या एका बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "उष्णता दिली तर काय होतं, पाहिलंत?" मी उकडलेल्याची नळी पुढे केली. मंजुरीच्या कागदावर समितीची सही होईपर्यंत मी नळ्यांचा स्टँड खाली ठेवला नाही.