उस्तादांची परीक्षक कोंबडी

अहेरीत फटफटी शिकवणारे एकच उस्ताद होते. मिलिटरीतून निघालेली जुनी फटफटी, गळ्यात तेलकट रुमाल आणि दर वाक्यात एक "राजा". शिकणाऱ्याच्या मागे ते स्वतः कधीच बसत नसत. मागे टोपलीत त्यांची तांबडी कोंबडी बसायची.

"चांद्याचा साहेब कोनालेबी लायसन देते, राजा. हे नाई देत. ओरडली का नापास! काऊन? तू ब्रेक जोरात मारला, हे तिले पयले समजते."

मी अठरा वर्षांचा, आणि कोंबडीने मला दर वेळी नापास केलेलं. त्या बाजाराच्या दिवशी मात्र बैलगाड्या, शेळ्या, मोहफुलं विकणाऱ्या बाया, सगळ्यांना अलगद वळसा घालून मी परत आलो. टोपलीतून हूं की चूं नाही. उस्तादांनी झाकण उघडलं. कोंबडी डोळे मिटून बसलेली, आणि तिच्याखाली गरम अंडं!

"पास!" उस्ताद नाचायलाच लागले. मग कोंबडी मांडीवर घेऊन ते पहिल्यांदाच कुणाच्या तरी मागे बसले. "चल राजा, आमाले दोघाईले घरी सोड."

घर येईपर्यंत सारखी ओरड चालू होती. कोंबडी मात्र गप्प होती.