हिरवा रंग आणि माझे याही

सन दोन हजार तेवीस. मी अडुसष्ट वर्षांचा, शिक्षण चौथीपर्यंत, आणि अख्ख्या सुरतेत माझ्या याह्यांइतका वैतागवाणा माणूस नाही हे माझं पक्कं मत. याही म्हणजे व्याही, माझ्या मुलीचे सासरे. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये रंगमास्तर होते. मास्तर निवृत्त झाले, अंगठा झाला नाही. कापड दिसलं की ओला अंगठा घासून रंग सुटतो का बघणार. देवळात देवीच्या साडीलाही सोडलं नाही, पुजाऱ्याने हात धरला. चहा आला की कप खिडकीकडे धरून आधी शेड तपासणार, फिका निघाला की "परत चढव" म्हणून आत पाठवणार. लग्नात तर भर वऱ्हाडात माझ्या गुलाबी फेट्यावर अंगठा फिरवून म्हणाले, "याही, हाऊ कच्चा शे," म्हणजे हा रंग कच्चा आहे. घामाने माझे कान गुलाबी झाले होते हे खरं. पण म्हणून बोलायचं? त्या दिवसापासून गोडादऱ्याला त्यांच्या घरचा मी पाण्याचा घोटही घेतला नाही.

मग माझ्या पित्ताशयात खडे निघाले. न बोलावता याही डॉक्टरकडे सोबत. डॉक्टर म्हणाले, "काका, दुर्बिणीने पित्ताशयच काढू. आधी शिरेतून हिरवा रंग देऊ. तो पित्तात उतरतो आणि खास कॅमेऱ्यात पित्ताची नळी हिरवी चमकते. चुकून ती कापली जाऊ नये म्हणून."

"कापली गेली तर?" मी विचारलं.

"मग काम वाढतं, जिवावरही येतं."

याह्यांना वेगळीच काळजी. "धुतल्यावर टिकतो का?"

"टिकायचाच नाही, काका. शरीरातून निघून जायला हवा."

जन्मभर रंग टिकवण्यासाठी भांडलेला माणूस तो. ताडकन उठले. "निघून जाणारा रंग माझ्या याह्याच्या अंगात नको. चला घरी." माझी बाही धरून ओढायला लागले. ते नको म्हणाले, तिथेच माझं ठरलं. म्हटलं, "घाला हो डॉक्टर, बादलीभर घाला."

ऑपरेशनच्या दिवशी सुई देणाऱ्या नर्सला यांनी विचारलं, "भिजायला किती वेळ?" ती म्हणाली, काही तास. तेवढं मात्र त्यांना पटलं. नंतर डॉक्टरांनी मोबाइलवर ती चमकणारी नळी दाखवली, शाबूत. आमची मंडळी सांगते, याही बराच वेळ बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "हा शेड मला कधी जमला नाही." मग वॉचमनलाही धरून आणून दाखवायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी याही घरच्या चहाचा थर्मास घेऊन हजर. पांढरा रुमाल ओला केला, माझ्या कपाळावर घासला, उजेडात धरला. रुमाल कोरा. "गेला सगळा," म्हणाले, आणि रुमालाची घडी घातली. "मला वाटलं, रंगासोबत याहीसुद्धा निघून जातो की काय."

आणि उगाच उशी सरळ करायला लागले. त्यांनी ओतलेला चहा मी घेतला, खिडकीकडे धरला. पार फिका होता.

"शेड बरोबर आहे," मी म्हणालो, आणि सगळा प्यालो.