कोपऱ्यातलं बोट

"पदर सावरू नोको वो! जशी आहेस तशी राह्य!"

डाव्या हाताचं पहिलं बोट वर करून, गुडघाभर चिखलात उभी राहून ही बाई एवढं ओरडायची की पलीकडच्या बांधीतले, म्हणजे धानाच्या खाचरातले, बगळे उडून जायचे. ज्या बाईला उद्देशून ओरडायची ती दचकायची, मग हसायची, आणि ती हसली की हिनं बटण दाबलेलं असायचं. तुम्ही पवनीकडच्या रस्त्यानं रोवणीच्या दिवसांत कधी गेला असाल तर तुम्हीही तिला पाहिलं असेल. वीस-बावीस बाया वाकून धान रोवताहेत आणि त्यातली एकच मध्येच ताठ होऊन कमरेची प्लास्टिकची पन्नी सोडून कॅमेरा काढते आहे, ती हीच.

बायांची टोळी तिची होती. कोणत्या शेतकऱ्याकडे कोणत्या दिवशी जायचं, हे ती ठरवायची. नाव सांगत नाही. तिला नाव छापलेलं आवडलं नसतं, आणि मेलेल्या माणसाशी मी भांडू शकत नाही. जिवंत होती तेव्हाही भांडणात कधी जिंकलो नाही.

माझा पवनीत स्टँडजवळ फोटो स्टुडिओ आहे. पहिल्यांदा ती दुकानात आली ती भांडायलाच. हातात फ्रेम होती, मीच आदल्या दिवशी करून दिलेली. तिच्या टोळीतली एक बाई वारली होती. तिच्या नवऱ्यानं तेरवीसाठी आधार कार्ड आणून दिलं आणि मी त्यावरचा फोटो मोठा करून, मागे निळं आभाळ टाकून, हार लावून दिला. असे मी महिन्याला चार-पाच करतो. हिनं फ्रेम काउंटरवर आपटली.

"हे कोनाचं थोबाड आहे गा?"

"मावशी, कार्डावर जसं होतं तसं केलं."

"माह्या उजव्या हाताले तिनं वीस वर्षं रोवलं. ती हसली का बैल बुजायचे. आन् तू इथं चोरट्टी करून ठेवली तिले!"

मी म्हटलं, दुसरा फोटो आणा, करून देतो. दुसरा फोटो नव्हताच. लग्नातला एक होता, त्यात नवरीचं डोकं खाली आणि तोंडावर पदर. तिनं फ्रेम उचलून बगलेत धरली आणि म्हणाली, "माह्या टोळीतल्या एकाही बाईचा आता असा फोटो लागनार नाही. मले कॅमेरा दे."

मी मोबाईल सुचवला. कोणीही सुचवेल. तिनं पोलक्यातून मोबाईल काढून माझ्यासमोर धरला. "ओल्या बोटानं हा ऐकत नाही. चिखलाच्या तं नाहीच नाही. आन् मोबाईलमधले फोटो मोबाईलमधीच मरतेत."

काउंटरमध्ये दोन कॅमेरे होते. एक मिररलेस, नव्यानं शिकणाऱ्यासाठी असतो तसा, लेन्स बदलता येणारा. ढगाळ उजेडात स्वच्छ फोटो देणारा, भिंतीएवढा मोठा केला तरी न फुटणारा. दुसरा खिशात मावणारा छोटा कॉम्पॅक्ट, कित्येक दिवस पडून राहिलेला, हल्ली कोणी विचारतही नाही असा. मी मिररलेसची बाजू घेऊन पंधरा मिनिटं बोललो. आता खरं सांगतो, त्यात धंदा थोडा आणि फुशारकी जास्त होती. मला त्या कॅमेऱ्याचं कौतुक होतं. माझ्या गळ्यातही त्याचाच मोठा भाऊ लटकलेला असतो.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वाकल्यावर हा कुठं जाते?"

"म्हणजे?"

"मी दिवसभर वाकून राह्यतो. हा गळ्यात असला तं पान्यात जाईन. धुऱ्यावर ठेवला तं आनाले जाईपर्यंत हसनं सरलं ना!"

मी हट्टाला पेटलो. म्हटलं, उद्या दोन्ही कॅमेरे घेऊन मीच शेतावर येतो, बाया पाहतील आणि ठरेल. ती म्हणाली, "ये ना!"

दुसऱ्या दिवशी गेलो. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहिलो, पाय घसरणार नाही असा. खाली बाया ओळीनं पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवत होत्या, काहीतरी अर्वाच्य बोलून खिदळत होत्या. मी मिररलेस डोळ्याला लावला.

आणि घ्या! सगळं बंद. बाया उठल्या, बांधीतल्या पाण्यात हात धुतले, पदर डोक्यावर ओढले, रांगेत उभ्या राहिल्या. तेवढ्यावर थांबल्या नाहीत. सगळ्यांनी एकदम तोंडं पाडली. एक म्हातारी तर कपाळाला हात लावून बसली. आत्ता तर ही खिदळत होती!

"काय झालं आजी?" मी घाबरून विचारलं.

"काई नाही. तू काढ." मग हळूच म्हणाली, "कोन्त्या नुकसानीचा आहे, बाबू? पुराचा का किडीचा?"

मग लक्षात आलं. या बायांच्या आयुष्यात मोठा कॅमेरा दोनच वेळा येतो. लग्नात येतो तेव्हा त्या मागे भांडी घासत असतात. आणि धान बुडालं की पाहणीवाल्यांबरोबर शेतात येतो. तेव्हा पुढं उभं करतात आणि कोणीतरी मागून सांगतं, हसू नका, हसणाऱ्याला मदत भेटत नाही. इतकी वर्षं शिकवलेलं, त्या विसरतील कशा? हिरव्यागार बांधीत बावीस बाया माझ्यासाठी दुःखी झाल्या होत्या. मी म्हटलं, नुकसान नाही हो, सहज काढतोय. कोणाचा विश्वास बसेना. म्हातारीनं कपाळावरचा हात काढला नाही.

टोळीवालीनं माझ्या हातातून छोटा कॅमेरा हिसकला, पदराला बोटं पुसली आणि रांगेत जाऊन वाकली. पाचेक मिनिटं काहीच झालं नाही. बाया पुन्हा रोवू लागल्या. मग तिनं म्हातारीला तिच्या नवऱ्याबद्दल काहीतरी विचारलं, मी इथं लिहिणार नाही, आणि बोट वर करून ओरडली, "पदर सावरू नोको वो!" म्हातारी मागे चिखलात बसली आणि हसली. दोनच दात होते. दोन्ही फोटोत आले.

फोटो वाकडा होता. डाव्या कोपऱ्यात लेन्सवर तिचं ते वर केलेलंच बोट आलं होतं, धुरकट, तांबूस, ढेकळासारखं. आभाळ पांढरंफटक. मी ते सगळं तिला ऐकवलं. ऐकवायला नको होतं, पण हरलेला माणूस बोलतोच.

"वाकडा आहे तं मान वाकडी करून पाह्य," ती म्हणाली. कॅमेरा तिनं पन्नीत गुंडाळून कमरेला खोचला, आणि तो पुन्हा काउंटरमध्ये आला नाही.

त्यानंतर तिनं कोणाचंच ऐकलं नाही. एका मालकानं धुऱ्यावरून आवाज दिला, "रोवाले आल्या का फोटो काढाले?" तिनं त्याचाच काढला, तोंड उघडं, बोट रोखलेलं, धोतर एका बाजूनं सुटलेलं. आठवड्यानं त्याच्या घरी नेऊन दिला. त्याच्या बायकोनं तो देव्हाऱ्याशेजारी लावला म्हणतात. तो मालक पुन्हा ओरडला नाही. मंडईच्या जत्रेत एक व्हिडिओवाला पोरगा तिला म्हणाला, मावशी, खेळणं घेऊन बाजूला व्हा. ती म्हणाली, "तुह्या कॅमेऱ्यापुढं लोक उभे राह्यतेत, बाबू. माह्यापुढं जगतेत." बाजूला तोच झाला.

रोवणीचा शेवटचा दिवस म्हणजे बोजारा. बाया मालकाला चिखल फासतात, गाणी म्हणतात, त्याच्याकडून जेवण उकळतात. दुसऱ्या दिवशी ती कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन दुकानात हजर. मी फोटो छापून द्यायचो, ती घरोघर वाटायची. पहिल्याच वेळी तिनं एकेक फोटो उलटून पाहिला.

"माहं बोट कुठं गेलं?"

"कापलं."

"काहून?"

"मावशी, ती चूक असते. कोपरा खराब होतो."

"बोट माहं, कॅमेरा माहा, चूक माही. तू कायले कापतं?"

तरी मी कापत राहिलो. धंद्याची सवय, दुसरं काय! ती दर वर्षी बोट मागायची, मी दर वर्षी कापायचो. अनेकदा म्हटलं, मावशी, स्टूलवर बसा, तुमचा एक काढतो. ती म्हणायची, "पह्यले बाया होऊ दे." टोळीत दर वर्षी एखादी नवी यायची. बाया कधी संपल्याच नाहीत.

या हिवाळ्यात दोन दिवसांच्या तापात ती गेली. तिसऱ्या दिवशी तिचा मुलगा दुकानात आला, नागपूरला नोकरीला असतो तो. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी फोटो हवा होता. त्यानं खिशातून आधार कार्ड काढलं.

मी कार्ड हातातसुद्धा घेतलं नाही. "हे मी करणार नाही."

"भाऊ, दुसरा फोटोच नाही. आईनं कोनाले काढू देल्ला नाही."

"तरी करणार नाही. दुसऱ्या दुकानात जा. आणि तिथंही केलास तर मी येऊन फ्रेम फोडीन."

पोरगा रडायला लागला. मलाही वाईट वाटलं, पण कार्डाला हात लावला नाही. त्याला चहा पाजून बसवलं आणि कॉम्प्युटर उघडला. तिच्या सगळ्या बोजाऱ्यांचे न कापलेले फोटो त्यात होते. म्हटलं, कुठंतरी असेल, पाण्यात सावली, कोणाच्या मागे अर्धा चेहरा. नव्हती. दोन दातांची म्हातारी होती, मालक होता, बैल होते, हसून वाकड्या झालेल्या बाया होत्या, आणि सगळ्यांचे डोळे एकाच जागी, जिथं ती उभी असायची. आणि प्रत्येक फोटोच्या डाव्या कोपऱ्यात ते बोट.

शेवटच्या बोजाऱ्याचा फोटो मी मोठा छापला. मीच सांगितलं होतं, छोट्या कॅमेऱ्याचा फोटो एवढा मोठा केला की फुटतो. फुटला. फुटू दे! कोपरा कापला नाही.

मुलगा म्हणाला, "लोकं काय म्हनतीन? आईच्या जागी बोट?"

"म्हणू दे," मी म्हटलं. "तिचं आहे."

कार्यक्रमाला मी स्वतः फ्रेम घेऊन गेलो. टेबलावर मेणबत्त्यांमागं ठेवली. नातेवाईक कुजबुजले. एकानं तर मला विचारलंच, फोटो बदलला का म्हणून. मी फ्रेम सरळ केली. मग टोळी आली, पांढरी लुगडी नेसून, एकामागे एक. सगळ्या फ्रेमपुढं उभ्या राहिल्या. म्हातारी पुढं झाली. तिनं काचेवर, त्या कोपऱ्यावर, हात ठेवला, आणि रडू आलं तसा तोंडावर पदर ओढू लागली.

मागून टोळीतलं कोणीतरी ओरडलं, "पदर सावरू नोको वो!"

म्हातारी दचकली. मग दोन दात दिसले. मग सगळ्या बाया हसायला लागल्या, रडता रडता, मंडपात, नातेवाइकांसमोर, इतक्या की मुलगाही तोंडावर रुमाल धरून हसला.

माझा मोठा कॅमेरा गळ्यातच होता. मी त्याला हात लावला नाही. त्या हसण्याचा फोटो कोणाकडेच नाही. काढणारी नव्हती.