कापरी जिलेबी

घरात एकाचा हात कापायला लागला की बाकीच्यांची तोंडं सुटतात, आणि किस्से आपोआप साचतात. आमच्या इंदापूरच्या घरात तसेच साचले. माझी झोप मात्र एकाच काळजीनं उडाली होती. सासऱ्यांचं, म्हणजे आबांचं, हे दुखणं माझ्या पाच वर्षांच्या स्नेहूच्या रक्तात उतरलं असेल का? मी बी.एस्सी. झालेय. म्हणजे घाबरण्याइतकं शिकलेय, समजण्याइतकं नाही!

आबा दुकानांचे बोर्ड रंगवायचे. बारामतीच्या डॉक्टरांनी त्यांना पेन दिलं आणि म्हणाले, "एक जिलेबी काढा."

"पेंटरला जिलेबी व्हय?" आबा हसले. जिलेबी निघाली करवतीसारखी दातेरी.

"कंपवात आहे," डॉक्टर म्हणाले. "घराण्यात आणखी कुणाला?"

आबा ताठ बसले. "डॉक्टरसायेब, आमच्या घराण्यात कशाचीबी कमी न्हाय!"

त्याच सुमारास पेपरात बातमी आली. परदेशातल्या काही कुटुंबांत कंपवाताला कारण ठरणारा जनुकातला बदल सापडला होता. आबांची बहीण निरवांगीहून आली होती. मी मोठ्या हौसेनं तिला बातमी वाचून दाखवली.

"नाक, आवाज, अक्षर, समदं आमच्यात वरून आलंय," आत्याबाई म्हणाल्या. "ही थरथर आमची न्हाय."

"मग कुणाची?"

"तू ह्या घरात आल्यावरच सुरू झाली की!"

सुनेकडून सासऱ्याकडे चढणारी आनुवंशिकता! परदेशातल्या शास्त्रज्ञांना हे सुचलंच नाही.

आबांनी डाळजच्या एका रसवंतीचा बोर्ड रंगवला. 'थंडगार रस'. एक अक्षर सरळ नाही. आता मालक बोर्ड परत आणणार म्हणून आम्ही धास्तावलो होतो. मालक आला तो पेढे घेऊन!

"आबा, अक्षरंच गारठली की! वाचूनच हुडहुडी भरती!"

पुढच्या आठवड्यात आइस्क्रीमवाला हजर. त्यालाही तसलीच कापरी अक्षरं हवी होती. पण आबांच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या, हात बराच स्थिर होता.

"आता न्हाय जमायचं," आबा गंभीरपणे म्हणाले. "उद्या सकाळी गोळीच्या आधी ये."

शेवटी मीच डॉक्टरांना गाठलं. ते शांतपणे म्हणाले, "बहुतेकांचा कंपवात असा सरळ मुलानातवंडांत उतरत नाही. घरात कुणाला असेल तर जोखीम थोडी वाढते, एवढंच. आणि बाई, तिला आधी पहिलीत तर जाऊ द्या!"

एवढ्या बोलण्यातलं मी घरी काय आणलं? 'थोडी वाढते'.

मग दर रविवारी मी स्नेहूकडून गुपचूप जिलेबी काढून घेऊ लागले. नवऱ्याला सांगितलं, ड्रॉइंगची तयारी. तीन रविवार छान गोल जिलेब्या. चौथ्या रविवारी वाऱ्यानं कागद उडत होता, म्हणून मी तो पाटीवर ठेवला आणि पाटी दोन्ही हातांत तिच्यापुढे धरली. तिनं काढायला सुरुवात केली, आणि मी श्वास रोखला.

दातेरी! हुबेहूब आबांची!

"स्नेहू, खरं सांग बाळा. तुझा हात का कापतोय?"

तिनं वैतागून पेन खाली ठेवलं.

"माझा कुठं? पाटी हलतीय. तू सोड की, आई!"