शेवटच्या रांगेसाठी रोमन भिंत

मस्कत विमानतळावर सामान तपासणाऱ्या ओमानी अधिकाऱ्याने अविनाशच्या पिशवीतून लोखंडी मेजपट्टी बाहेर काढली.

"हे कशाला?"

"भिंती मोजायला," माझा नवरा म्हणाला.

"कुठल्या?"

"इटलीतल्या. दोन हजार वर्षांपूर्वीच्या."

"अजून कुणी मोजल्या नाहीत?" असं म्हणून त्याने मेजपट्टी परत दिली. "यल्ला (चला)."

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून अविनाशला स्वित्झर्लंडला जायचं होतं. मला बर्फाचं काही पडलेलं नाही. फ्रीज घरी आहे. मला जुनी रोमन नाट्यगृहं बघायची होती, आणि त्याला कारण होते बबन मेस्त्री.

मेस्त्री मूळचे गुहागरकडचे. मस्कतबाहेर रुसैलला दारं-खिडक्यांच्या कारखान्यात सुतार. आम्ही राहतो अल् घुब्राला. तिथल्या एका शाळेच्या मैदानावर आमचं मंडळ दर थंडीत (म्हणजे एसी बंद ठेवता येतो तेव्हा) एक नाटक करतं. मी ते बसवते आणि नेपथ्य मेस्त्री उभारतात. नेपथ्य लावून ते आंघोळीला खोलीवर जातात आणि कंपनीच्या बसने बाकीच्या कामगारांबरोबर परत येतात. तोवर खुर्च्या भरलेल्या असतात. उरते ती शेवटची रांग. दहा वर्षं मेस्त्री मला नाटकानंतर एकच वाक्य ऐकवत आले होते, "वैनी, मागं कायच ऐकू येत नाय वो."

त्यांची चूक नव्हती. मंडळाकडे तीन माईक. एक शिट्टी मारतो, दुसरा फक्त नटाचा श्वास ऐकवतो आणि तिसरा अध्यक्षांच्या भाषणासाठी राखीव. एप्रिलच्या बैठकीत अध्यक्षांनी तोडगा काढला : संवाद आधी रेकॉर्ड करायचे, नटांनी नुसते ओठ हलवायचे. मी म्हटलं, "मग नटांना तरी कशाला बोलवायचं? फोटो लावू." शेवटी ठरलं की माईकशिवाय आवाज मागपर्यंत पोहोचवायचा उपाय मी मेअखेर सांगायचा, नाहीतर रेकॉर्डिंग. मेस्त्री पुढच्या जानेवारीत कायमचे गावी जाणार होते. म्हणजे त्यांच्यासाठी हे शेवटचंच नाटक. ओठ हलवणारे नट त्यांना दाखवायची माझी तयारी नव्हती.

मिलानला उतरून आगगाडीने व्हेरोनाला गेलो. स्टेशनपासून चालत निघालो आणि एका चौकात ते अचानक समोर आलं : गुलाबी दगडाचं प्रचंड गोल बांधकाम. बाहेर क्रेनने उचलून ठेवलेले सोनेरी रंगाचे लाकडी सिंह. उन्हाळ्यातल्या संगीत नाटकांची तयारी चालू होती. दगडी पायऱ्या गुडघ्याएवढ्या उंच. मी शेवटच्या पायरीवर पोहोचेपर्यंत रोमन लोकांना सांधेदुखी नसावी याची खात्री पटली. खाली अविनाश उभा राहिला आणि त्याला येत असलेला एकमेव संवाद त्याने म्हटला, "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, एक, दोन, तीन!"

माईक नसताना.

मला फक्त त्याचे ओठ दिसले. चारी बाजूंनी हातोडे चालू होते. हुबेहूब आमची शेवटची रांग.

रात्रीच्या जेवणात रिसोत्तो (आपला गुरगुट्या भात, चीज घालून) मागवला. मी पिशवीतून मेतकूट काढून वर भुरभुरलं. वेटर बघत राहिला. मग त्याने बोटाने चाखलं आणि "बेने (छान)" म्हणाला.

दुसरा पूर्ण दिवस गाड्या बदलण्यात घालवून फ्रान्समधल्या आर्लला पोहोचलो. तिथेही मोठं गोल बांधकाम, कमानींच्या दोन माळा. मी पुन्हा वर, अविनाश पुन्हा खाली. "एक, दोन, तीन" ऐवजी नुसतं "ओ, ओ, ओ" ऐकू आलं. मी वरूनच हातवारे करून "परत" सांगत होते, तेवढ्यात तिकीट फाडणाऱ्या बाई धापा टाकत माझ्याकडे आल्या. साठीच्या असाव्यात, केस आखूड, इंग्रजी माझ्या फ्रेंचपेक्षा बरं.

"मॅडम, तुमच्या मिस्टरांना काही होतंय का?"

मी त्यांना सगळं सांगितलं. मंडळ, माईक, मेस्त्री. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"तुम्हाला नाटक हवंय, मग इथे कशाला आलात? इथे माणूस आणि जनावर. बोलायचं काम नाही, फक्त ओरडायचं. गोल असतं ते मारामारीचं. नाटकाचं अर्धं असतं आणि मागे भिंत. ते पलीकडच्या गल्लीत आहे."

तीन हजार मैलांवरून मी नाटकासाठी आखाडे तपासत आले होते. अविनाश हे अजून प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो. मी त्या बाईंना मस्कतच्या हलव्याचा डबा दिला आणि गल्लीकडे निघाले.

पलीकडे खरंच अर्धगोल नाट्यगृह होतं. पण भिंत नव्हती. गावकऱ्यांनी तिचे दगड घरं बांधायला नेले म्हणे. उरले दोन खांब. लोक त्यांना 'दोन विधवा' म्हणतात. अविनाशचा आवाज त्या दोघींच्या मधून सरळ मागच्या बागेत निघून गेला. तिथे एका कुत्र्याने मात्र वळून पाहिलं.

"भिंत असलेलं शोधू," मी म्हटलं.

"जेवून," अविनाश म्हणाला.

"तिथे जेवू."

तासाभराच्या अंतरावर ओरांज नावाचं छोटं गाव आहे. तिथे नाट्यगृहाची भिंत उभी आहे, सगळ्या गावापेक्षा उंच. एखादं धरण उभं करावं तशी. वर मधोमध कोनाड्यात एक रोमन सम्राट हात उंचावून उभा, शिक्षक वर्गाला गप्प बसवतात तसा. रंगमंचावर छप्पर पुढे झुकलेलं. अविनाशने मेजपट्टी काढली, भिंतीकडे पाहिलं आणि मुकाट्याने परत ठेवली.

मी शेवटच्या पायरीवर जाऊन बसले. खाली तो करंगळीएवढा दिसत होता. अजून सुरुवात केली नव्हती. पाठ खाजवत इकडेतिकडे पाहत होता. आणि मला स्पष्ट, अगदी कानाशी बोलावं तसं ऐकू आलं :

"चार दिवस पाव खातोय. पोटाची वीट झाली. हिला आणि भिंती बघायच्यात."

"ऐकू आलं!" मी वरून ओरडले.

तो इतका दचकला की त्याची टोपी पडली. दोन जपानी पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या.

मस्कतला परतल्यावर अल् घुब्राच्या मैदानावर जाऊन उभी राहिले. इतकी वर्षं आम्ही रंगमंच फाटकाच्या बाजूला बांधत होतो, मागे नुसता पडदा, आणि प्रेक्षकांच्या पाठीशी शाळेची तीन मजली भिंत. जी आवाज पुढे ढकलायला नटांच्या मागे हवी, ती शेवटच्या रांगेमागे. सगळं उलटं.

"रंगमंच फिरवायचा," मी बैठकीत सांगितलं.

"मग पाहुण्यांच्या गाड्या पुढच्या सोफ्यापर्यंत कशा येणार?" अध्यक्ष म्हणाले.

"पाहुणे चालत येतील."

कुणीतरी हसलं आणि तेवढ्यावर ठराव झाला. ओरांजच्या छपराचा फोटो मी मेस्त्रींना दाखवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला. "पंधरा प्लायवूडात होईल. पन त्यांचा उतार चुकलाय." त्यांनी आपल्या उताराने बांधलं.

डिसेंबरात नाटक झालं. माईक एकच, अध्यक्षांना. मी पडद्याआडून शेवटच्या रांगेवर लक्ष ठेवून होते. एरवी मध्यंतरात निम्मी रांग उठून बसकडे जाते. यंदा कुणी हललं नाही. प्रवासातून माणूस चुंबक आणि बाहुल्या आणतो. मी कुठली बाजू पुढे ठेवायची एवढंच घेऊन आले, आणि फ्रीजवर ते लावता येत नाही.

नाटक संपल्यावर बबन मेस्त्री नवा सदरा घालून, रांगेतून वाट काढत रंगमंचावर माझ्यासमोर आले. मी विचारलं, "काय मेस्त्री? ऐकू आलं?"

"शब्दन् शब्द, वैनी."

"मग?"

त्यांनी मान खाली घातली.

"दहा वर्षं वाटायचं, ऐकू येत नाय म्हनून समजत नाय. आज समजलं." त्यांनी आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. "वैनी, तुमचा तो हिरो लय वाईट बोलतो वो."

त्यांच्या मागे शाळेची तीन मजली भिंत होती. हिरो शेवटच्या रांगेजवळ फोटो काढून घेत होता. त्याने वळून पाहिलं.