नंतर आठवण करा

इंदापुरात तहसील कचेरीच्या रस्त्याला आबाजी कोकऱ्यांचं वधू-वर सूचक केंद्र आहे. केंद्र म्हणजे दहा बाय बाराचा गाळा, चार खुर्च्या, पाण्याचा जार आणि एक जुना कॉम्प्युटर. आबाजींचे वडील मेंढरं घेऊन दर साली कोकणात उतरायचे. वाटेवरच्या गावात कुणाच्या रानात मेंढरं बसवली, कुणाच्या घरात पोरी किती, कुणाचं दुसरं लग्न कशामुळं झालं, हे सगळं म्हाताऱ्याला तोंडपाठ. पुढं मेंढरं गेली, माहिती राहिली. आबाजींनी तिच्यावर धंदा उभा केला. वीस वर्षांत तीनशेच्या वर लग्नं जमवली. त्यातली चार-दोन मोडली, पण त्यात दोष आबाजींचा नव्हता, असं आबाजीच सांगतात.

या धंद्याला एक पथ्य आहे. कुणाला तोंडावर नाही म्हणायचं नाही. पोरगी पसंत नसली, पोराची शेती कमी पडली, काही असो, पाहुणे एवढंच म्हणतात, "बघतो, कळवतो." आता ‘कळवतो’ तीन तऱ्हांचं असतं. पोरीच्या बापाकडं बघून म्हटलेलं, चहाच्या कपाकडं बघून म्हटलेलं, आणि चप्पल शोधता शोधता म्हटलेलं. तिसऱ्यातून आजवर एकही लग्न जमलेलं नाही. आबाजींना हे ओळखता यायचं, आणि ओळखूनही ते मुलीकडच्यांना सांगायचे, "कळवतो म्हणालेत." महिनाभरात लोक आपोआप समजायचे. कुणाचं मन दुखवायचं नाही, हा त्यांचा स्वभाव. भीड ही भिकेची बहीण असते, हे त्यांच्या बायकोनं त्यांना हजारदा ऐकवलं होतं.

तर अशा माणसाच्या कॉम्प्युटरवर गेल्या दिवाळीच्या सुमारास एक चौकट उघडली. चौकटीत झाडूचं चित्र, आणि खाली कुणीतरी भाषेचा मुडदा पाडून लिहिलेलं: ‘तुमचे यंत्र खूप घाण आहे. मोफत तपासणी करणे?’ कॉम्प्युटर हल्ली रेंगाळतच होता. आपण होऊन कुणी झाडून द्यायला आलंय, त्याला दारातून कसं घालवायचं? आबाजींनी ‘होय’ दाबलं. पाच मिनिटांत तपासणी झाली. एक हजार चारशे बासष्ट दोष निघाले.

त्या दिवसापासून तासातासाला पडदा लालभडक व्हायचा, भोंगा वाजायचा आणि एक बाई हिंदीत ओरडायची, "सावधान! खतरा मिला है!" खाली दोन बटणं. एक ‘आत्ता दुरुस्त करा’, म्हणजे पैसे भरा. दुसरं ‘नंतर आठवण करा’. वरच्या कोपऱ्यात मुंगीएवढी एक फुलीही होती. ती दाबली की झाडूच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि खाली लिहून यायचं, ‘आपण खरोखर आम्हाला सोडून जाता?’ आबाजी ओशाळून मागं यायचे आणि ‘नंतर’ दाबायचे. त्यांच्या धंद्यात ते सगळ्यात सभ्य उत्तर होतं. पण माणूस महिन्याभरात समजतो, मशीन समजत नाही. ते दर तासाला नव्या उमेदीनं यायचं.

मग फोन सुरू झाले. पलीकडं एक गोड आवाजाचा माणूस. आधी चहापाणी विचारायचा, मग म्हणायचा, "सर, पैसे भरून टाका. और सर, दुसऱ्या मेकॅनिकला हात लावू देऊ नका, सगळा डेटा जाईल." डेटा म्हणजे एकोणीसशे घरांचे बायोडाटे, फोटो, फोन नंबर. वीस वर्षांची कमाई. आबाजी त्यालाही म्हणायचे, "बघतो, कळवतो." तो दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करायचा.

तुळशीची लग्नं झाली आणि हंगाम सुरू झाला. लोणी भापकरहून जोतीरामतात्या आणि त्यांची बायको लीलाबाई मुलासाठी मुली बघायला आले. मुलगा ऋषिराज, बारामतीच्या एमआयडीसीत कामाला. आबाजींनी या पाहुण्यांसाठी एक स्थळ राखून ठेवलं होतं. त्यांची सख्खी भाची, बहीण सारजाची मुलगी सृष्टी. अठ्ठावीस वर्षांची, बारामतीच्या एका दवाखान्यात नर्स. ऋषिराजचा बायोडाटा तिनं आधीच पाहिला होता. छंदाच्या रकान्यात सगळी मुलं वाचन नाही तर क्रिकेट लिहितात. यानं लिहिलं होतं, ‘झोपणे’. सृष्टी पोट धरून हसली आणि म्हणाली, "मामा, ह्यो खरं बोलणारा दिसतोय. इथं जमलं तर बघा." तीन वर्षांत तिनं पहिल्यांदा एखाद्या मुलात मन घातलं होतं.

आबाजींनी सृष्टीचा फोटो पडदाभर मोठा केला. लीलाबाई खुर्ची पुढं ओढून बघायला लागल्या. "चेहरा शांत हाय पोरीचा," त्या म्हणाल्या. एवढ्यात फोटोवर लाल रंग पसरला, भोंगा झाला आणि बाई ओरडली, "खतरा मिला है!"

"अगं बया! ह्ये काय म्हणतंय ओ?" लीलाबाई दचकून मागं सरल्या.

"काय न्हाय वैनी. मशीन हाय, बडबडतंय," आबाजी हसले आणि ‘नंतर’ दाबलं.

मग त्यांनी आणखी सहा-सात मुली दाखवल्या. चहा झाला. मशीन गप्प. लीलाबाई म्हणाल्या, "ती मघाची पुन्यांदा दावा." आबाजींनी सृष्टीचा फोटो काढला, आणि तास भरला होता म्हणून म्हणा, नाहीतर नशिबाचे भोग म्हणा, पडदा पुन्हा लाल. "सावधान!" इतक्या मुलींत नेमकी हिलाच दोनदा.

लीलाबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. जोतीराम उठले आणि पायानं चप्पल शोधत म्हणाले, "बरं, आबा. बघतो, कळवतो."

आबाजींनी ते ‘कळवतो’ ओळखलं. एक वाक्य बोलायचं होतं. तात्या, पोरीत काही नाही, माझं मशीन बिघडलंय. बस, एवढंच. पण जीभ उचलेना. त्याच आठवड्यात भिगवणच्या शकुबाई येऊन गेल्या होत्या. "माझ्या पोरीच्या फोनवर परक्या बाप्यांचे फोन येत्यात, आबा. नंबर तर निस्ता तुमच्याकडंच दिला हुता," असं म्हणाल्या होत्या. तो नंबर इथूनच गेला की आणखी कुठून, आबाजींना ठाऊक नव्हतं. पण एकोणीसशे घरांच्या लेकीबाळींची माहिती ज्या मशीनमध्ये आहे ते बिघडलंय, हे आपल्या तोंडानं कसं कबूल करायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. पाहुणे गेले. संध्याकाळी सृष्टीचा फोन आला, तेव्हा आबाजी म्हणाले, "आवडली म्हणायची त्यांस्नी. कळवतो म्हणालेत."

आणि इथून आबाजी खऱ्या अर्थानं कचाट्यात सापडले. सकाळी दहाला शटर उघडायचं, की मशीन ओरडणार. अकराला गोड आवाजवाल्याचा फोन. दुपारी सृष्टीचा मेसेज, ‘मामा, काही कळलं?’ तिघांनाही एकच उत्तर, नंतर. पाहुण्यांसमोर कॉम्प्युटर लावायची धास्ती बसली. कुणी आलं की ते कागदावरचे जुने फोटो काढायचे आणि मशीनवर टॉवेल टाकून ठेवायचे. टॉवेलाखालून बाई ओरडायचीच. मेकॅनिकला बोलवावं तर डेटा जाणार, वर गावभर होणार. इंदापुरात सकाळी शिंकलं तर दुपारपर्यंत बारामतीचे लोक काढा सांगतात. इकडं आड, तिकडं विहीर. घरी जेवताना ताटातली वाटी वाजली तरी त्यांचा हात थबकायचा. आपल्याच गाळ्यात आपण कैदी झालोय, असं त्यांना वाटायचं, आणि ते सांगायलाही कुणी नव्हतं.

फेब्रुवारीत सृष्टी स्वतः येऊन गेली. सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात तिची निवड झाली होती. पगार जवळजवळ दुप्पट, राहायला खोली. पंधरा मार्चपर्यंत हो-नाही कळवायचं होतं.

"मामा, त्यांचं एकदा नक्की कळलं की मी माझं ठरवते. न्हाय असलं तरी चालंल. पण कळू दे."

"अगं, लग्नाचं काम हाय. घाई करून चालत न्हाय," आबाजी म्हणाले. ती गेल्यावर ते बराच वेळ तिच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत बसले. त्यांना स्वतःची लाज वाटली. पण लाजेनं काम होत असतं तर मग काय हवं होतं!

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मशीननंच निकाल लावला. एका सकाळी पडदा लाल झाला तो झालाच. त्यावर एकच बटण होतं, पैसे भरायचं. ‘नंतर’ नव्हतं. आबाजींनी कोपरे चाचपले, बंद करून चालू केलं, हात जोडले. काही नाही. आत एकोणीसशे घरं कोंडलेली आणि बाहेर ते. शेवटी त्यांनी बारामतीच्या दीपकला फोन लावला. दीपक दुकानांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. दुपारी तो आला, बॅग ठेवली, मशीन कुठल्याशा वेगळ्या पद्धतीनं चालू केलं आणि खुर्ची आबाजींकडं सरकवली.

"तुमीच दाबा, आबा. काढून टाका म्हणा."

झाडू रडायला लागला. ‘आपण खरोखर आम्हाला सोडून जाता?’

"व्हय म्हणा," दीपक म्हणाला. झाडूनं पुन्हा विचारलं. एक महिना फुकट देतो म्हणाला. आमचं काय चुकलं म्हणाला. दरवेळी आबाजींचं बोट अडायचं आणि दरवेळी दीपक शेजारून म्हणायचा, "दाबा." पाचव्यांदा झाडू गेला. मग दीपकनं जाहिरातींना दिलेली परवानगी काढली, आणखी दोन-चार गोष्टी पुसल्या. बायोडाटे सगळे जागच्या जागी होते. एकही हलला नव्हता.

"किती वेळ लागला?" आबाजींनी विचारलं.

"वीस मिन्टं. आदी बोलवायचं न्हाय व्हय? तुमी त्येला सरळ न्हाय म्हणलाच न्हाय कदी." दीपक बॅग आवरत म्हणाला, "आन् नंबर भायेर गेलेत का न्हाय, ते मला सांगता येणार न्हाय. ज्येंचे हायत त्येंना सांगून टाका."

गाळ्यात चार महिन्यांनी शांतता झाली. आबाजींना वाटलं होतं, हायसं वाटेल. वीस मिनिटांच्या कामाला आपण चार महिने भिऊन राहिलो, या विचारानं उलट स्वतःचीच चीड आली. त्यांनी फोन उचलला आणि लोणीला लावला. जोतीराम उचलतात न उचलतात तोच सगळं ओकून टाकलं. मशीन, झाडू, भोंगा, आपलं गप्प बसणं, सगळं.

जोतीरामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आबा, पोराचं जमलं. पंधरा दिस झालं सुपारी फुटून. फलटणकडची पोरगी हाय." आणि पुढं, "आमची ही लई दिस म्हणत हुती, पोरगी मनात भरलीया, पर दोनदा इशारा झाला. तुमी तवाच एक शब्द बोलायला पायजे हुता ओ."

आबाजी म्हणाले, "चुकलं माझं, तात्या." वीस वर्षांत हे वाक्य त्यांनी कुठल्याही पाहुण्याला म्हटलं नव्हतं.

मग सृष्टीला फोन. ती ड्युटीवर होती, मागं ट्रॉलीची खडखड ऐकू येत होती. त्यांनी ना तब्येत विचारली, ना जेवण.

"सृष्टे, लोणीचे न्हाय म्हणालेत. माझ्यामुळं म्हणालेत. आन् ते मला पहिल्या दिवशीच कळलं हुतं."

"पहिल्या दिवशी म्हंजे?"

"तुळशीची लग्नं झाली तवाच."

आबाजी घाईघाईनं म्हणाले, "तू सोलापूरला जा पोरी. पंधरा तारखेला अजून दोन दिस हायत. आत्ता लगीच व्हय म्हणून कळव."

"मामा, मी त्यांना परवाच नको म्हणून कळवलं."

"का गं?"

"लग्नानंतर लोणीहून सोलापूर लई लांब पडलं असतं," सृष्टी म्हणाली. मागून कुणीतरी तिला हाक मारली, आणि ती आले म्हणाली.