सौंदडकडचा पट आणि चौथी चिंधी

सासऱ्यांचा निरोप आला, "चांद्या बैलाचा हा शेवटचा पट. पाहून जा." शेवटचा का, हे न विचारताच मी नागपूरहून निघालो. पोरांना गोवर, म्हणून बायको मागे राहिली आणि चांगलीच फुगली.

गोंदियाला गाडी बदलायची. तिथून सौंदडची छोटी गाडी इतकी निवांत चालते की वाटेत दोनदा भूक लागते, तेव्हा भजी बांधून घेऊनच चढा. पुढे दोन कोस बैलगाडी, कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांमधून. हाडं खिळखिळी होतात, पण हवा झकास.

पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. बघ्यांना फुकट. जोडीवाल्याने सव्वा रुपया भरला की चार लाल चिंध्या मिळतात. जोड्या सुटतात तिथे दोर बांधलेला असतो. मनगटाला चिंधी असेल तोच आत: मालक, धुरकरी म्हणजे हाकणारा, आणि बैल धरणारे दोघे.

सासऱ्यांनी चौथी चिंधी माझ्या मनगटाला बांधली. "जावयाले बाहेर उभं ठेवीन का जी मी?" आता बोला! मी शाळामास्तर, बैलाला दुरूनच नमस्कार करणारा.

आत गेल्यावर सगळं कळलं. मागचे दोन्ही पट चांद्या झेंडी पडायच्या आधीच उधळला आणि जोडी बाद झाली. आज पुन्हा तसंच झालं, तर सासरे त्याला विकणार होते. गिऱ्हाईक दोराशी उभंच होतं. आणि चांद्या आत्तापासूनच खूर आपटत होता.

"हा ऐकतो तरी कोणाचं?" मी विचारलं.

धुरकऱ्याने दोराबाहेर बोट दाखवलं. "मामीचं."

सासूबाई! चांद्याची माय मेली तेव्हा त्यांनीच त्याला पेज पाजून वाढवलेलं. जावयासमोर सासूने आवाज काढायचा नाही ही तिकडची रीत, त्यामुळे लग्नापासून त्या माझ्याशी दाराआडूनच पुटपुटत आलेल्या. आता डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या. मी चिंधी सोडली.

"मामाजी, ही मामींना द्या."

"बाईमाणूस आत? लोक काय म्हणतीन?"

"मग मी आत राहून काय करू? बैलाला पाढे शिकवू?"

दोरापाशी चिंध्या तपासणारा माणूस हसला. "चिंधी हाये ना? मंग येऊ द्या जी. मी काऊन अडवू?"

त्या आत गेल्या, मी बाहेर आलो. माझ्यापुढे नुसती पागोटी. झेंडी दिसली नाही की बैल दिसला नाही. तेवढ्यात खणखणीत आवाज आला, "थांब रे माया सोन्या! थांब!" मग, "जाय आता! जाय!" आणि धुरळा उडाला.

जोडी तिसरी आली. गिऱ्हाईक मुकाट्याने घरी गेलं. सासरे चांद्याच्या मानेवरून हात फिरवत म्हणाले, "आता हा कुठी जात नाही बाप्पा."

नागपूरला पोचल्यावर बायकोचा पहिला प्रश्न चांद्याचाच. मी सगळं सांगितलं, शर्यत दिसली नाही हेही. तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

"आई ओरडली? सगळ्यांसमोर?"

"ओरडली म्हणजे! अख्ख्या पटाला ऐकू गेलं."

ती भिंतीला टेकून खाली बसली. "कसा आहे हो तिचा ओरडण्याचा आवाज? मी तरी कुठं ऐकलाय कधी!"